हातभर कोरी भिंत

हॅरो, मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

अवी,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं तुझं वाकडंतिकडं मराठी अक्षर बघून मी दारातच मटकन खाली बसले. पोस्टमन बिचारा घाबरला, ॲम्ब्युलन्स बोलवू का म्हणाला. सात वर्षांत तुझ्याकडून काय यायचं, तर रोश हशानाला नव्या वर्षाचं एक कार्ड, तेही तुझ्या बायकोच्या अक्षरात. मीही तेवढंच पाठवत होते, तेव्हा बोलायला मला तोंड नाही.

अविवाचं लग्न ठरलं! मेली एवढी मोठी कधी झाली रे? मुलाचं नाव झॅकरी, लीड्सच्याच हॉस्पिटलात नोकरी, दोघांनी मिळून घर घेतलंय, सगळं दोनदा वाचलं. लग्नाआधीच्या मलिद्याच्या प्रार्थनेचे पोहे आणि नारळ मी इथून घेऊन येते. आत्याचा मान आहे तो, तुझ्या बायकोला आधीच सांगून ठेव.

आता तुझी मागणी. इथलं घर विकलं गेलंय, मार्चअखेर किल्ल्या द्यायच्या आणि मी पिनरला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये जाणार. तू म्हणतोस, बाबांचा चौकोन भिंतीतून कापून लीड्सला पाठव, अविवाच्या दारासमोर बसवू. अविवाला दुसरं काही नको, तेवढंच हवंय. कल्पना छान आहे रे, पण होण्यासारखी नाही. त्या भिंतीला ओल आलीय. मागच्या लाकडी पट्ट्या कुजल्यात, करवत लावली की सगळ्याचा भुगा होईल. माझ्या रंगकामांना प्लास्टर करून देणारा स्लाऊचा चंद्रशेखर आहे, त्याला दाखवलं. तो म्हणाला, ताई, नाद सोडा.

पोरीला चौकोनाची गोष्ट धड माहीत नाही, असं लिहिलंयस. मग सांग की तिला! तिचे आजोबा गिडियन बनावट संगमरवर रंगवायचे. प्लास्टरच्या खांबावर असा हात फिरवायचे की माणूस गारवा लागेल म्हणून हात लावायचा. साध्या पाइनच्या दाराचं अक्रोडी दार करायचे. गोल्डर्स ग्रीनच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने एकदा त्यांना अडवलं. दारासमोर हातभर चौकोन कोरा सोड, म्हणाला, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याची आठवण. आपल्या कोकणातल्या ज्यू लोकांत ही रीत बाबांनी कधी पाहिली नव्हती, पण त्यांना ती इतकी पटली की हॉलला पिवळा संगमरवर केला तेव्हा त्यांनीही चौकोन सोडला. कोपर भिंतीला टेकवलं, हात सरळ केला, मधल्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलची खूण केली. तेवढा लांब, तेवढा रुंद. आत नुसतं प्लास्टर. म्हणाले, जन्मभर मी खोटं रंगवणार, घरात हातभर जागा तरी खरी राहू दे.

हे सगळं तिला सांग आणि तिची समजूत काढ. बाबांचे ब्रश पाठवते. मलिद्याचं चांदीचं ताटही तिलाच.

तुझी ताई


हॅरो, गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

अव्हिएल,

तू चंद्रशेखरला फोन केलास. त्याच्या वेबसाइटवरून नंबर शोधून! आणि त्याने तुला सांगितलं की मी त्याला काही विचारलंच नाही, भिंत ठणठणीत आहे, चौकोन अर्ध्या दिवसात अलगद निघेल.

म्हणजे माझ्या शब्दाला आता काडीची किंमत नाही. बरं.

मला भीती वाटली म्हणून मी तसं लिहिलं. त्या भिंतीपासून मी अजून लांब जाऊ शकत नाही, असं समज. तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट मात्र मला लागली. तू पुन्हा तेच उकरून काढलंस. बाबा गेल्यावर तिसाव्या दिवशी, भरल्या घरात, चाळीस माणसांसमोर तू मला विचारलंस, "ताई, चौकोन लहान कसा झाला? कोणी हात लावला?" आणि आता लिहितोस, अजूनही तुला तो लहानच आठवतो.

मी तेव्हा जे सांगितलं तेच आता सांगते. रडून रडून सुजलेल्या डोळ्यांना काहीही दिसतं. सहा महिन्यांतून एकदा येणाऱ्याने या घराच्या भिंती मला शिकवू नयेत. त्या दिवशी मी हे ओरडून म्हणाले, ते ओरडणं चुकलं, हे कबूल. तू जेवण टाकून स्टेशनला चालत गेलास, मी मागे आले नाही, तेही चुकलं.

चौकोन मी देते. पण कापायचा तो मी कापीन. चंद्रशेखरने फक्त व्हॅनमधून आणून द्यायचा. बाकी कोणीही, तूसुद्धा, त्याला माझ्या माघारी हात लावायचा नाही.

सिप्पोरा


हॅरो, रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय अवी,

मागचं पत्र तापून लिहिलं होतं, फाडून टाक.

चांगली बातमी आहे. काम झालं! चौकोन निघालाय, मागच्या पट्ट्यांसकट, कुठे तडा नाही. गॅरेजमध्ये ठेवलाय वाळायला, म्हणजे भिंतीची जी काय ओल असेल ती सुकायला. चंद्रशेखरला बुधवारी लीड्सजवळ काम आहे, दुपारपर्यंत तुझ्या दारात येईल. चहा दे त्याला, साखर तीन चमचे.

अविवाला सांग, ओलं फडकं फिरवायचं नाही. उन्हात ठेवायचा नाही. नखाने खरवडायचं तर अजिबात नाही. जुनं प्लास्टर आहे, लहान मुलासारखं जपावं लागतं. कडांना मी लाकडाची पट्टी मारून दिलीय, म्हणजे कडा झडणार नाहीत. ती पट्टी काढू नका.

आणि आकाराचं म्हणत होतास ना, तो अगदी बाबांच्या हाताएवढा आहे बघ. मोजून घे हवं तर.

माझं पॅकिंग चाललंय. आईची पितळी भांडी तुला हवीत का? नको असतील तर मी ती इथल्या आपल्या प्रार्थनेच्या हॉलला देईन. महिन्यावर पेसाखचा सण आलाय आणि मी कुठल्या खोक्यात काय भरलंय ते माझं मलाच कळत नाही. म्हातारी झाले.

ताई


हॅरो, मंगळवार, ११ मार्च २०२५

अवी,

उद्या चंद्रशेखर येणार नाही. मी त्याला नको म्हणून कळवलंय. हे पत्र एकटा बसून वाच, अविवाला नंतर दाखव.

मी हे फोनवर सांगणार होते. पण फोनवर आपण इंग्लिशवर घसरतो आणि इंग्लिशमध्ये मला खोटं सहज बोलता येतं, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून सवय झालीय. बाबा आपल्याला रागवायचे ते मराठीत. म्हणून मराठीत लिहिते.

काल अविवाचा फोन आला. तिचं गोड, मोडकं मराठी. "आत्या, ती चौकोन बुधवारी येणार ना? मी त्याच्यासाठी भिंत मोकळा ठेवला." मी म्हटलं, अगं, तो चौकोन, ती भिंत. ती हसली आणि म्हणाली, "आपल्या घरात सगळं आजोबांनी किंवा तू रंगवलंस. ही एकच कोणी नाही रंगवली ना? म्हणून मला पाहिजे." बेल वाजली असं सांगून मी फोन ठेवला. बेल वाजली नव्हती.

गॅरेजमध्ये आहे तो बाबांचा चौकोन नाही. तो मी गेल्या पंधरवड्यात केला. जुन्या पट्ट्या आणल्या, प्लास्टर थापलं, चहाचं पाणी मारून मारून जुनं केलं. तुला कळलंही नसतं. भिंतीतला कापून पाठवता येत नव्हता, कारण कापला असता तर कडेला थर दिसले असते. खाली बाबांचं प्लास्टर, त्यावर संगमरवर, त्यावर पुन्हा प्लास्टरचा रंग. तू इतकी वर्षं एक्सरे वाचतोस, तुला एवढं वाचता आलंच असतं.

खाई त्याला खवखवे. मी खाल्लंय, म्हणून गेला महिनाभर तुझ्यावरच डाफरत होते.

बाबांना स्ट्रोक आला आणि ते हॉस्पिटलात होते, तेव्हाची गोष्ट. नॉर्थवुडची एक मोठी बाई आपला हॉल बघायला आली. तिला डायनिंग रूमभर संगमरवर करून हवा होता. भिंती बघून खूश झाली, मग चौकोनासमोर थांबली आणि हळहळली, "अरेरे, इथे ओल आलीय वाटतं." मला एवढंच म्हणायचं होतं, बाई, ही ओल नाही, ही आमची रीत आहे. एवढंसं वाक्य, अवी. पण मला लाज वाटली. बाबांच्या चौकोनाची लाज वाटली. मी म्हटलं, हो ना, पुढच्या आठवड्यात दुरुस्त करतोय. तुला पहिल्या पत्रात ओलीचं कारण दिलं ना, ते त्या बाईचंच वाक्य होतं.

आणि मी ते खरं करून दाखवलं. तीन दुपारी लागल्या. कोऱ्या प्लास्टरवर तेलरंगाचा हात, त्यावर पिवळा पातळ थर, मग हंसाच्या पिसाने शिरा. बाबांच्या शिरा चारी बाजूंनी चौकोनाशी येऊन थांबल्या होत्या, त्या मी आत ओढून एकमेकींना जोडल्या. सांधा कुठे आहे तो मलाच सापडेना. आणि हेही लिहायलाच हवं, मला आनंद झाला. बाबांच्या हातात आणि माझ्या हातात आता फरक उरला नाही, असं वाटून मी एकटीच हॉलमध्ये उभी राहून हसले. काम मला मिळालं.

मग बाबांना घरी सोडलं. नऊ दिवस होते ते, तुझी ड्युटी होती, तू येऊ शकला नाहीस. दारातून त्यांची खुर्ची आत घेतली आणि ते समोर बघायला लागले. बोलता येत नव्हतंच. त्यांनी डावा हात उचलला, कोपर खुर्चीच्या दांड्यावर टेकवलं, आणि हात सरळ उभा धरला, बोटं ताठ. माझ्याकडे बघत तसाच धरून ठेवला. मला कळलं, अवी. तत्क्षणी कळलं, दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

मी म्हटलं, "पाणी हवंय का, बाबा?"

आत गेले, पेला भरून आणला, त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायले. तहान नसताना, मी देत होते म्हणून प्यायले. पुढचे नऊ दिवस त्यांनी खुर्ची दारापाशी नेऊ दिली नाही.

ते पुन्हा हॉस्पिटलात गेले आणि तिथेच गेले. तू लीड्सहून थेट तिथे आलास, तिथून दफनाला. बायकांनी घरी थांबायचं ही आपली जुनी रीत मी त्या दिवशी मोठ्या निष्ठेने पाळली. शेजारीण दफनानंतरच्या जेवणाची अंडी उकडायला ठेवून गेली होती. घरात मी एकटी, हातात दीड तास, आणि तू परत आलास की आधी तीच भिंत बघणार होतास. आरशांवर सुतकाच्या चादरी टाकल्या आणि ब्रश काढला. बाप मातीत जात होता आणि मी काम करत होते. व्हार्निश टर्पेंटाइनने पुसलं, वर खडूसारखा फिका रंग चढवला, थापीच्या फटकाऱ्याची एक सावली दिली, केसाएवढी एक चीर. कोरी भिंत रंगवणं सगळ्यांत अवघड असतं, धरायला काही नसतं तिच्यात. तीही मला छान जमली.

तू आलास, बाबांचा ओव्हरकोट अंगात, तू लीड्सहून कोट न घेताच निघाला होतास. दारात थबकलास आणि म्हणालास, "ताई, घरात बाबांचा वास येतोय." तो टर्पेंटाइनचा वास होता. तू माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडलास आणि मी तुला थोपटत राहिले. माझ्या नखांत पांढरा रंग होता, म्हणून मुठी मिटून थोपटत होते. नंतर सुतकाचे सात दिवस तू जमिनीवर त्या चौकोनासमोर बसलास. माझ्या रंगकामासमोर.

मला स्वतःची किळस येते. याहून बरा शब्द मला मराठीत सापडला नाही.

गॅरेजमधला चौकोन मी फोडला. उद्यापासून भिंतीवरचा रंग उतरवून बघते, खालचं काही वाचतंय का.

सिप्पोरा


हॅरो, रविवार, १६ मार्च २०२५

अवी,

तुझं उत्तर नाही. यावं अशी अपेक्षाही नाही. पण लिहायचं संपलं नाही, कारण इतकं सगळं ओकूनही मागच्या पत्रात मी एक गोष्ट ठेवून घेतलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही खोड जात नाही.

चार दिवस भिंतीवर होते. सुरी, रंग उतरवायचं औषध, चिंध्या. वरचा खोटा प्लास्टरचा थर तासाभरात गेला. खाली माझा संगमरवर, तोही सुटला, पण त्याच्याबरोबर बाबांचं प्लास्टर आलं. तेल आत मुरलं होतं. सुरी लावली की पिवळट पापुद्रे आणि पीठ. मधोमध आता लाकडी पट्ट्या दिसतात. चंद्रशेखर येऊन बघून गेला. दोन्ही हातांनी पीठ गोळा करून बादलीत भरलं आणि मला चहा करून दिला. अविवाला पाठवण्यासारखं काही उरलं नाही. हे तिला मी स्वतः सांगेन, तू माझ्या वतीने गोड करून सांगू नकोस.

एक कोपरा तेवढा वाचला. वरचा, उजव्या हाताचा. औषधाने माझा रंग विरघळला आणि खालून बाबांची पेन्सिलची खूण निघाली, दोन छोट्या रेघा, काटकोनात. मी ज्याला चौकोनाचा कोपरा केलं होतं, त्याच्या तीन बोटं बाहेर. दुसऱ्या बाजूने मोजलं असतं तरी तेच निघालं असतं.

कारण मला ते त्याच दिवशी माहीत होतं. तुम्ही सगळे दफनाला गेला होतात, वेळ नव्हता, फूटपट्टी शोधत बसले नाही. बाबांनी केलं तसं केलं. कोपर भिंतीला टेकवलं, हात सरळ केला, बोटाच्या टोकाशी खूण केली. पण तो हात माझा होता. रंग पूर्ण झाल्यावर मागे सरून बघितलं तेव्हा लक्षात आलं, आणि दारात तुमच्या गाडीचा आवाज आला. मी ब्रश धुवायला गेले.

सात वर्षं मी रोज ती तीन बोटांची पट्टी बघत या दारातून आत आले. आणि तू एकट्याने, एका नजरेत, रडून सुजलेल्या डोळ्यांनी ओळखलंस. म्हणून तर मी तुझ्यावर तुटून पडले, चाळीस माणसांसमोर तुला वेडं ठरवलं. तू निघून गेलास तेव्हा मला दुःख झालं, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. हे वाचून तू मला माफ करशील असं मला वाटत नाही. कर, असं मी म्हणतही नाही.

अविवासाठी एक गोष्ट मात्र कर. बाबांचा ओव्हरकोट पार्सलने पाठवलाय, मंगळवारी मिळेल. अंगात घाल. त्या दिवशी तू दारात उभा होतास तेव्हा मी पाहिलं, बाही मनगटावर जिथे बाबांची यायची तिथेच तुझी येत होती. तुझा हात त्यांच्याच मापाचा आहे. तर पोरीच्या नव्या घरात दारासमोर उभा राहा, कोणी रंगाचा डबा उघडायच्या आधी. कोपर भिंतीला टेकव, हात सरळ कर, आणि बोटाच्या टोकाशी पेन्सिलने खूण कर. चारी बाजूंनी. आतलं प्लास्टर आहे तसं राहू दे, नवंकोरं, कोणाचंच नसलेलं. रंगारी मी असावी की दुसरं कोणी, ते तू आणि अविवा ठरवा. मी नसले तरी मलिद्याचे पोहे पोस्टाने येतील. जो कोणी असेल त्याने तुझ्या रेघेशी थांबायचं, एवढं त्याला बजाव.

आणि आता ते, जे तिसाव्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. हे पत्र हवं त्याला दाखव, मोठ्याने वाचून दाखव.

तुझे डोळे धड होते, अवी. चौकोन लहानच होता.

सिप्पोरा